चरबीतल्या स्टेम पेशी आणि न भरणारी जखम: पेशी मरतात कुठे आणि द्यायच्या कशा?

ऊतीवेध

मधुमेही पायावरच्या जुनाट जखमेसाठी एका छोट्या चाचणीचा प्रोटोकॉल लिहायचं काम चालू आहे. जखम साधारण ४ × ५ सें.मी., टाचेच्या कडेला किंवा तळव्यावर. पोटावरची चरबी लायपोसक्शनने काढायची, कोलॅजिनेज या एन्झाइमने पचवून त्यातला स्ट्रोमल व्हॅस्क्युलर फ्रॅक्शन, म्हणजे चरबीच्या पेशी वगळून उरणाऱ्या मिश्र पेशी (पुढे एसव्हीएफ), वेगळा करायचा आणि पेशी न वाढवता त्याच दिवशी जखमेत द्यायच्या, असा आराखडा आहे.

संमतीने मिळालेल्या टाकाऊ चरबीवर ही प्रक्रिया बसवताना तीन ठिकाणी अडतंय. एक, व्हायेबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) ५५ ते ६० टक्क्यांच्या वर जात नाही. सध्या कोलॅजिनेज ०.२ टक्के, ३७ अंश सेल्सिअस, ९० मिनिटं असं चालू आहे. वेळ कमी केला तर चरबी नीट पचत नाही. दोन, पेलेट (सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर तळाशी बसणारा पेशींचा गोळा) लालभडक येतो आणि पिपेटला चिकट तार सुटते. तीन, एकच नमुना दोघांनी ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) मोजला तर आकड्यांत दुपटीचा फरक पडतो.

याशिवाय: २० चौ. सें.मी. जखमेला किती पेशी लागतील, त्या कडेला टोचायच्या की पृष्ठभागावर फायब्रिनमध्ये (रक्त गोठताना होणाऱ्या प्रथिनाच्या जाळीत) पसरायच्या, आणि एन्झाइमचं झंझट टाळून सरळ नॅनोफॅट (सिरिंजमधून ढकलून बारीक केलेली चरबी) वापरावं का, यावरही मतं हवीत.

कोलॅजिनेज_काका

०.२ टक्के आणि ९० मिनिटं, दोन्ही जास्त आहे. पण वेळ कमी केल्यावर चरबी पचत नाही असं तुम्ही म्हणता, तिथेच रोगाचं मूळ आहे. तुमची चरबी पुरेशी धुतली जात नाहीये.

रक्तातल्या सीरममध्ये अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन असतं. ते कोलॅजिनेजला जखडून ठेवतं. चरबीत रक्त राहिलं की एन्झाइमचा बराच भाग तिथेच खर्ची पडतो, पचन रेंगाळतं, मग माणूस एन्झाइम वाढवतो आणि वेळही वाढवतो. त्या वाढीव वेळात आधीच सुट्या झालेल्या पेशी मार खात बसतात. धुण्याची पद्धत साधी आहे. जेवढी चरबी तेवढंच ३७ अंशांचं रिंगर लॅक्टेट घाला, अर्धा मिनिट हलक्या हाताने फिरवा, ५ मिनिटं स्थिर ठेवा, खालचा थर काढून टाका. खालचं पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत हेच करत राहायचं. बहुधा तीन-चार वेळा लागतं, रक्ताळ नमुन्याला जास्त. 'तीन वेळा धुवा' असं प्रोटोकॉलमध्ये लिहू नका, 'नितळ होईपर्यंत' लिहा.

धुण्याने दुसरं कामही होतं. ट्युमेसंट द्रावणात (लायपोसक्शनआधी चरबीत भरतात ते) लिटरमागे ५०० ते १००० मि.ग्रॅ. लिडोकेन हे बधिर करणारं औषध असतं, आणि ते या पेशींना मानवत नाही. किती नुकसान होईल ते तीव्रता आणि संपर्काचा वेळ यावर ठरतं. त्यामुळे चरबी डब्यात त्याच द्रवात तासभर पडू देऊ नका. रुग्णाला पूर्ण भूल किंवा स्पायनल असेल तर द्रावणात फक्त अ‍ॅड्रेनालिन ठेवता येतं, लिडोकेन वगळून. सक्शनही मशीनच्या पूर्ण जोराने नको. ३ मि.मी. कॅन्युला, १० मि.ली. सिरिंज आणि दट्ट्या दोनेक मि.ली. मागे ओढून धरलेला, एवढं तुमच्या गरजेला पुरतं.

आता एन्झाइम. ०.०७५ ते ०.१ टक्के, ३७ अंश, ३० ते ४५ मिनिटं, चरबी आणि द्रावण सम प्रमाणात, सतत संथ हलतं ठेवून. बाटली अर्धीच भरा, गच्च भरली की आत काही हलतच नाही. मात्र टक्केवारीवर फार विसंबू नका. पावडरच्या प्रत्येक लॉटमध्ये मिलिग्रॅममागे युनिट वेगवेगळी असतात. लॉट बदलला की वजन युनिटांवरून काढायचं. कोलॅजिनेजला कॅल्शियम लागतं, म्हणून या टप्प्यावर ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) असलेलं कोणतंही द्रावण जवळ येऊ देऊ नका. कॅल्शियमविरहित बफरमध्ये पावडर विरघळवून 'एन्झाइम खराब निघालं' अशी तक्रार करणारे बरेच असतात.

कधी थांबायचं हे घड्याळापेक्षा डोळ्याने ठरवा. चरबीच्या गाठी जाऊन मिश्रण एकसंध, पातळ आणि पिवळसर दिसलं की पुरे. तंतूंचे पांढरे धागे शेवटपर्यंत उरतातच, ते १०० मायक्रॉनच्या गाळणीत अडकतील. त्यांच्यासाठी थांबायचं नाही.

मग अल्ब्युमिन घातलेल्या रिंगरने एन्झाइम पातळ करा, ३०० ते ४०० जी वर १० मिनिटं फिरवा. 'जी' (गुरुत्वाच्या किती पट बल) लिहितोय, आरपीएम (मिनिटाला फेरे) नाही. रोटरची त्रिज्या १५ सें.मी. असेल तर १५०० आरपीएम म्हणजे सुमारे ३७७ जी, आणि ३००० आरपीएम म्हणजे १५०० जी च्याही वर, कारण वेग दुप्पट झाला की बल चौपट होतं. पहिल्या फिरवणीनंतर वरचा थर लगेच काढू नका. नळी दहाएक सेकंद जोरात हलवून पुन्हा फिरवा. तरंगणाऱ्या चरबीला चिकटून राहिलेल्या पेशी यात सुटून खाली येतात. नंतर तेल आणि चरबी वरून ओढून घ्या. पेलेटच्या बाजूने सुरुवात केलीत तर तेल भिंतीवरून घसरून खाली येतं आणि पुढे मोजणीत छळतं. दोन-तीन वेळा धुऊन एन्झाइमचा अंश काढा.

चिकट तार म्हणजे मेलेल्या पेशींमधून सुटलेला डीएनए. डीनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) घातलं तर तार जाते, पण रुग्णाला द्यायच्या मालात आणखी एक एन्झाइम, आणखी एक उत्तर द्यायची जबाबदारी. पचन सुधारलं की तार आपोआप जाते. लाल रंगाने घाबरू नका. अमोनियम क्लोराइडने लाल पेशी फोडता येतात, पण ते द्रावण १० मिनिटांपेक्षा जास्त राहिलं तर हव्या त्या पेशीही दुखावतात. जखमेला थोड्या लाल पेशींनी काही होत नाही. मोजणीपुरता ०.१ मि.ली. नमुना वेगळा काढून त्यातच लाल पेशी फोडा.

दुपटीच्या फरकाचं कारणही हेच. ताज्या एसव्हीएफमध्ये लाल पेशी, तेलाचे चकाकणारे थेंब आणि पेशींचा चुरा असतो. ट्रिपॅन ब्लू न घेतलेली प्रत्येक गोल गोष्ट एकाला जिवंत पेशी वाटते, दुसऱ्याला वाटत नाही. अ‍ॅक्रिडिन ऑरेंज आणि प्रॉपिडियम आयोडाइड अशी केंद्रक रंगवणारी जोडी घ्या: जिवंत हिरव्या, मेलेल्या लाल, तेलाला केंद्रकच नाही. २०१३ मध्ये चरबी-उपचार आणि पेशी-उपचार या क्षेत्रांतल्या आयफॅट्स आणि आयएससीटी या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून एसव्हीएफसाठी जे निकष मांडले त्यात व्हायेबिलिटी ७० टक्क्यांच्या वर अपेक्षित आहे. नीट धुतलेल्या चरबीतून ८० गाठणं अवघड नाही.

पाऊलवाट

पेशींचं काकांनी सांगितलं, मी पायाचं सांगतो. प्रश्नात 'जुनाट जखम' एवढंच आहे, जखम का भरत नाही हे कुठेच नाही. चाचणीत घ्यायच्या आधी ते कळलं पाहिजे, नाहीतर नांगरट न करता पेरणी होईल.

रक्तपुरवठा पहिला. मधुमेहात घोट्याच्या धमन्यांच्या भिंती कॅल्शियमने कडक झालेल्या असतात. त्यामुळे घोटा-दंड दाब-गुणोत्तर खोटं चांगलं दिसतं. १.३ च्या वर आलं तर तो आकडा बाजूला ठेवा आणि अंगठ्याचा दाब घ्या. तो ३० मि.मी. पाऱ्याच्या खाली असेल तर आधी रक्तवाहिनीतज्ज्ञाकडे. या पेशी नव्या केशवाहिन्या फुटायला मदत करतात, मांडीतली बंद धमनी उघडत नाहीत.

मग हाड. निर्जंतुक सळईने तळ चाचपा, टणक लागलं तर एक्स-रे, गरज पडली तर एमआरआय आणि हाडाचा नमुना. ऑस्टिओमायलायटिस (हाडाचा संसर्ग) असताना पेशी द्यायच्या नाहीत. कडा उंच, गुंडाळलेल्या, सहज रक्त येणाऱ्या असतील किंवा जखम जुन्या भाजलेल्या व्रणावर असेल तर बायोप्सी आधी. वाढीचे घटक स्रवणाऱ्या पेशी कर्करोगाच्या जागी टोचणं ही भरून न येणारी चूक ठरेल.

तळव्याच्या जखमेला दाब काढणं हाच निम्मा उपचार. काढता न येणारं गुडघ्यापर्यंतचं कास्ट घाला. काढता येणारा बूट दिला की तो पलंगाखाली राहतो. आणि हे चाचणीच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे: कास्ट आणि पेशी एकाच दिवशी सुरू केल्या तर कास्टचं श्रेय पेशींना जाईल. चार आठवड्यांचा रन-इन (पेशी देण्याआधीचा, फक्त नेहमीच्या उपचारांचा काळ) ठेवा. डिब्राइडमेंट (मेलेली ऊती काढणं), कास्ट, साखरेवर नियंत्रण, संसर्गावर उपचार, एवढंच. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालं तर ती जखम १२ आठवड्यांत आपली आपण भरण्याची शक्यता चांगली असते, तिला चाचणीत घेऊ नका. न हललेल्या जखमांवरच पेशींचा उपयोग दिसला तर दिसेल.

ऊतीवेध

रन-इन घालतो आहे, अंगठ्याचा दाबही प्रवेशाच्या निकषांत टाकला. धुण्याचा मुद्दा तर अगदी वर्मावर बसला. आता मात्रा आणि पेशी देण्याची पद्धत यांबद्दल कोणी सांगेल का? नैतिक समितीतल्या एका सदस्याचा आणखी एक प्रश्न आहे: उंदरांत पेशी दिल्यावर जखमा दहा-बारा दिवसांत बंद झालेल्या दिसतात, मग माणसांत १२ आठवडे कशाला?

सुई२५

मात्रेचा सर्वमान्य आकडा नाही. प्रयोगांत चौ. सें.मी. मागे १० लाख हा आकडा बरेच जण धरतात, सुरुवातीला तोच घ्या. २० चौ. सें.मी. ला २ कोटी. धुतलेल्या चरबीच्या दर मि.ली. मागे ३ लाख केंद्रकयुक्त पेशी धरल्या तर १०० मि.ली. मधून ३ कोटी, त्यातल्या ८० टक्के जिवंत म्हणजे २.४ कोटी. तपासणीचे नमुने जाऊन तेवढं पुरतं. पण हा आकडा संपूर्ण एसव्हीएफचा आहे हे अहवालात स्पष्ट लिहा. त्यात रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी, पेरिसाइट (केशवाहिन्यांना वेढणाऱ्या पेशी), मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी, सगळं आलं. स्टेम सेल म्हणता येतील अशा, प्लॅस्टिकला चिकटून वसाहत करणाऱ्या पेशी त्यातल्या काही टक्केच. 'दोन कोटी स्टेम सेल दिल्या' असं लिहिणं सरळ चूक आहे. प्रत्येक बॅचमधून थोड्या पेशी वसाहत-मोजणीसाठी लावून ठेवा, १० ते १४ दिवसांनी खरा आकडा मिळतो. अस्थिमज्जेत हे प्रमाण केंद्रकयुक्त पेशींच्या ०.०१ टक्क्याच्याही खाली असतं, म्हणून तर चरबीकडे लोक वळले.

पेशी साध्या सलाइनमध्ये ठेवू नका. रिंगर लॅक्टेटमध्ये १ ते ५ टक्के मानवी अल्ब्युमिन घाला आणि दोन तासांच्या आत वापरा. मि.ली. मागे १ ते २ कोटींपेक्षा दाट नको, गुठळ्या होतात. सुई २५ किंवा २६ गेज, दाब संथ. आणि हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: सिरिंज आडवी ठेवली की पाच मिनिटांत पेशी खालच्या भिंतीला बसतात. पहिल्या टोचणीत नुसतं पाणी जातं, शेवटच्या टोचणीत सगळ्या पेशी. दर दोन मिनिटांनी सिरिंज उलटी-सुलटी करत राहायचं, फेस न आणता.

निम्म्या पेशी कडेला, निम्म्या पृष्ठभागावर, असं माझं मत. कडेपासून अर्धा सें.मी. बाहेरच्या निरोगी त्वचेतून सुई आत घालून, १ सें.मी. अंतराने, दर ठिकाणी ०.१ ते ०.२ मि.ली. कातडी पांढरी पडली तर थांबा. तुम्ही जास्त भरताय, आणि तिथला आधीच तुटपुंजा रक्तपुरवठा दाबला जातोय. तळव्याची जाड कातडी हे लगेच दाखवत नाही, तिथे हाताला लागणाऱ्या विरोधावरून ओळखायचं. मृत ऊतीत काहीही टोचू नका.

पृष्ठभागासाठी फायब्रिन चांगलं, पण बाटलीत येतं तसं नाही. व्यावसायिक ग्लूमध्ये फायब्रिनोजेन मि.ली. मागे ८० ते १०० मि.ग्रॅ. च्या घरात असतं. ते रक्त थांबवण्यासाठी आहे. इतक्या घट्ट जाळीत पेशी अडकून पडतात. १० ते २० मि.ग्रॅ. पर्यंत पातळ करा. थ्रॉम्बिन (फायब्रिनोजेनचं फायब्रिन करणारं एन्झाइम) ५०० युनिटचं घेतलं तर काही सेकंदांत गोठतं, पसरायला वेळच मिळत नाही. ४-५ युनिटचं घ्या, पसरवायला पुरेसा वेळ मिळतो. पेशी थ्रॉम्बिनच्या बाजूला मिसळा, फायब्रिनोजेनच्या दाट द्रवात त्या सारख्या पसरत नाहीत.

वर न चिकटणारी सिलिकॉन जाळी, त्यावर शोषक ड्रेसिंग, पहिली उघडणी ३ ते ५ दिवसांनी. तोवर पोव्हिडोन आयोडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड, चांदीचं ड्रेसिंग, सगळं वर्ज्य. जंतू मारणारी ही औषधं नव्याने आलेल्या पेशींनाही तितक्याच आनंदाने मारतात. हे वॉर्डातल्या कागदावर ठळक लिहा, कारण तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करणारी व्यक्ती प्रोटोकॉल वाचून येत नाही.

आकडेमोड

समितीच्या सदस्यांना सांगा की उंदराच्या कातडीखाली पॅनिक्युलस कार्नोसस नावाचा पातळ स्नायू असतो. जखम झाली की तो कातडी ओढून कडा जवळ आणतो. जखम बंद होते ती मुख्यतः आकुंचनाने. तळव्यावर माणसाची जखम भरते ती दाणेदार ऊती आणि कडेकडून सरकणाऱ्या त्वचेच्या पेशींनी. म्हणून उंदरात जखमेभोवती सिलिकॉनची कडी टाके घालून बसवतात, आकुंचन रोखायला. २००४ पासून हे मॉडेल प्रचलित आहे. कडी न लावलेले निष्कर्ष चाचणीच्या समर्थनार्थ देऊच नका. कडी सुटलेले प्राणी गणतीत धरलेत का, तेही बघा.

दुसरं म्हणजे पेशी तिथे जाऊन नवी कातडी होतात हा समज प्रस्तावातून काढा. टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक काही आठवड्यांत नाहीशा होतात. त्या मधल्या काळात व्हीईजीएफ, एचजीएफ वगैरे वाढीचे घटक आणि एक्सोसोम (संदेश नेणाऱ्या सूक्ष्म पिशव्या) सोडतात, मॅक्रोफेजना दाहाकडून दुरुस्तीकडे वळवतात, फायब्रोब्लास्टना (ऊतीचे तंतू बनवणाऱ्या पेशींना) हलवतात. कमी ऑक्सिजनमध्ये व्हीईजीएफचं स्रवण वाढतं, म्हणून किंचित कमी रक्तपुरवठ्याच्या जखमेत त्या अधिक कामाच्या. पूर्ण कोरड्या जागी त्या मरतात. आणि मधुमेही रुग्णाच्या स्वतःच्या पेशी हे काम निरोगी माणसाच्या पेशींपेक्षा कमी जोमाने करतात, ही स्वतःची चरबी वापरण्यातली मोठी अडचण. दात्याच्या, वाढवून साठवलेल्या पेशींकडे कल झुकला त्याचं हे एक कारण.

पुराव्याबद्दल डोकं थंड ठेवा. कोरियात दात्याच्या चरबीतल्या स्टेम पेशींची हायड्रोजेल पट्टी मधुमेही पायाच्या जखमांवर वापरली. २०१९ च्या दुसऱ्या टप्प्याच्या निष्कर्षांत १२ आठवड्यांनी पूर्ण बंद झालेल्या जखमा ८२ टक्के, तर तुलनेच्या गटात ५३ टक्के. छान आकडे, पण गट लहान. याच्या शेजारी डार्व्हॅडस्ट्रोसेल ठेवून बघा. क्रोन आजारातल्या गुदमार्गाच्या फिस्टुलासाठीचं (न भरणाऱ्या नळीसारख्या जखमेसाठीचं) औषध, चरबीतल्या १२ कोटी स्टेम पेशींची एक मात्रा. २१२ रुग्णांच्या चाचणीत २४ आठवड्यांनी फिस्टुला बंद झालेले रुग्ण सुमारे ५० विरुद्ध ३४ टक्के, त्यावर २०१८ मध्ये युरोपात परवानगी. पुढच्या मोठ्या चाचणीत फरक टिकला नाही आणि २०२४ च्या अखेरीस कंपनीने ते युरोपीय बाजारातून मागे घेतलं. तुलनेच्या गटात नीट साफसफाई आणि टाके झाले की तोही गट सुधारतो, हे अशा प्रत्येक चाचणीत लक्षात ठेवावं लागतं.

म्हणून तुमच्या तुलनेच्या गटालाही तेच डिब्राइडमेंट, तेच कास्ट, पेशींविना तेच अल्ब्युमिन-रिंगर आणि तेच फायब्रिन मिळालं पाहिजे. निष्कर्ष म्हणजे पूर्ण त्वचा येणं, स्राव नाही, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून तसंच आढळणं. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. पोटावरची लायपोसक्शनची खूण झाकायला विसरू नका, तिथेच गुपित फुटतं.

कोलॅजिनेज_काका

नॅनोफॅटचं राहिलं. २०१३ ची पद्धत अशी: धुतलेली चरबी दोन १० मि.ली. सिरिंजमध्ये जोडणीतून ३० वेळा इकडून तिकडे ढकलायची, मग ०.५ मि.मी. च्या नायलॉन जाळीतून गाळायची. चरबीच्या पेशी फुटतात, स्ट्रोमल पेशी बऱ्याचशा वाचतात, २७ गेजच्या सुईतून जातं. एन्झाइम नाही, सेंट्रिफ्यूज नाही, अर्ध्या तासाचं काम. पण पेशी किती दिल्या हे कळत नाही, आणि फुटलेल्या पेशींचं तेल जखमेत जातं. तुमची चाचणी मात्रेवर उभी असेल तर एसव्हीएफच.

सुई२५

काकांशी इथे सहमत नाही. ज्या ठिकाणी नियंत्रित प्रयोगशाळा नाही तिथे एसव्हीएफ हट्टाने करण्यापेक्षा नॅनोफॅट बरं. अनेक देशांत एन्झाइमने वेगळ्या केलेल्या पेशी औषध समजल्या जातात आणि त्यांना औषधाचेच नियम लागतात. नॅनोफॅटला तरी सगळीकडे सूट असते असं नाही, त्यामुळे दोन्हींसाठी परवानगी आधी तपासा. किरणोपचाराने खराब झालेल्या कातडीवर तर साधं चरबीरोपणही उपयोगी पडतं, फक्त चरबी किरण न लागलेल्या भागातून घ्यायची.

ऊतीवेध

मात्रा मोजायचीच आहे, त्यामुळे एसव्हीएफ. शेवटचं एक. निर्जंतुकता तपासणीचा निकाल १४ दिवसांनी येतो, पेशी त्याच दिवशी जाणार. समितीला काय सांगायचं?

कोलॅजिनेज_काका

पेशी वापरायला सोडण्याच्या वेळी जे हातात असतं ते लिहा: व्हायेबिलिटी ७० च्या वर, ग्राम स्टेन (जंतू रंगवून बघण्याची चाचणी) निगेटिव्ह, झटपट एंडोटॉक्सिन (जंतूंपासून येणारं विष) चाचणी ठरवलेल्या मर्यादेत (शिरेतून देण्याच्या औषधांना किलोमागे तासाला ५ युनिट ही मर्यादा असते, तीच धरली तरी चालेल), नळीत गुठळ्या नाहीत. निर्जंतुकतेसाठी दोन नमुने पाठवा: शेवटच्या धुण्याचं पाणी आणि तयार माल. चरबीचा धुण्याआधीचा एक नमुनाही ठेवा. पुढे जंतू सापडले तर ते रुग्णाच्या कातडीवरून आले की तुमच्या टेबलावरून, ते त्यावरूनच कळेल. आणि निकाल पॉझिटिव्ह आला तर कोणी, किती तासांत, कोणाला कळवायचं आणि कोणतं अँटिबायोटिक सुरू करायचं हे आत्ताच लिहून सही घ्या. अँटिबायोटिक पेशींच्या द्रवात घालून हा प्रश्न सोडवायचा मोह होईल. ते करू नका, तपासणीचा निकाल खोटा निगेटिव्ह येतो.